शाळेच्या गल्लीतला चौथा खड्डा

वडील: आणि तूच पाठवलंस म्हणे! परक्यानं केलं असतं तर एक वेळ समजलो असतो.

लेक: बाबा, आधी बसा. कोण म्हणालं?

वडील: माझ्या हाताखालचा जुना गवंडी भेटला बाजारात. दात काढत होता. ‘मुकादम, शाळेच्या गल्लीतला तुमचा खड्डा वीस शहरांत गाजतोय. पालिकेच्या फलकावर यादी लागलीय. चौथा नंबर, बंद पडलेला!’

आई: गाजतोय म्हणाला ना? मग झालं तर.

वडील: तू मध्ये बोलू नकोस. तीस वर्षं पालिकेची गटारं बांधली मी. निवृत्तीआधीचं शेवटचं काम तो शोषखड्डा. आणि माझ्याच लेकीनं, इंजिनियर होऊन, बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडली.

लेक: ऐकून तर घ्या. वीस शहरांनी ठरवलं, पावसाचं पाणी जिरवायला जे जे बांधलंय त्याची माहिती एकत्र ठेवायची. पाऊस किती पडला, पाणी किती वेळात जिरलं, गाळ कधी काढला. आपले खड्डे बारा. त्यातले सात दोन वर्षांत तुंबले.

वडील: मग पाचच पाठवायचे!

लेक: साहेबही तेच म्हणाले. ‘पाच पाठव, बाकी झाकली मूठ.’ मी म्हटलं, बाराही जातील, नाहीतर माझी सही नाही.

आई: हे मला बोलली नाहीस कधी.

लेक: तू घाबरली असतीस. साहेब महिनाभर धड बोलत नव्हते. बढतीच्या यादीतून नाव गेलं ते वेगळंच.

वडील: बढती गेली?

लेक: गेली.

वडील: कशापायी? माझा खड्डा वाईट आहे हे सांगण्यापायी?

लेक: वीस शहरांच्या बैठकीत मी बाराही खड्डे दाखवले. वाटलं, आता सगळे हसणार. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या, बंदराच्या गावच्या. म्हणाल्या, ‘आमचे नऊ तुंबलेत. आम्ही पाठवलेच नव्हते.’ मग दुसरा उठला, मग तिसरा. महिनाभरात तीनशे खड्ड्यांची माहिती जमली. चांगल्याची, वाईटाची, सगळी.

वडील: बरं, मग?

लेक: मग उजेड पडला. तुंबलेल्या बहुतेक खड्ड्यांत रस्त्याचं पाणी थेट उतरत होतं, मातीसकट. जे टिकले त्यांच्या तोंडाशी छोटी गाळकुंडी होती. माती कुंडीतच बसते, वर्षातून दोनदा उपसली की काम भागतं. तुमचा खड्डा आम्ही उकलून पाहिला, बाबा. एक दगड जागचा हलला नव्हता.

वडील: हलेल कसा! पण नकाशात कुंडी नव्हती.

लेक: नकाशा आमच्या खात्याचा होता. तेही लिहिलंय मी यादीत.

आई: परवाच्या पावसात शाळेच्या गल्लीत पाणी नव्हतं, ते त्यामुळेच का?

लेक: उन्हाळ्यात कुंडी बांधली तिथं.

वडील: खणलेलं पाहिलं होतं. मला वाटलं, नळाची लाइन टाकतायत.

लेक: पूर्वी दोन दोन दिवस पाणी उभं असायचं. परवा पन्नास मिनिटांत गल्ली मोकळी. शाळा वेळेवर भरली.

वडील: पन्नास? मोजलंस?

लेक: मापक बसवलाय. तरी मी घड्याळ लावून उभी होते.

आई: म्हणून नखशिखांत भिजून आलीस होय! आणि मला सांगितलंस, छत्री मोडली.

वडील: बढतीचं मला सांगायचं होतंस गं.

लेक: तुम्ही साहेबांशी भांडायला गेला असता.

वडील: गेलोच असतो.

लेक: अजून एक आहे. बंदराच्या गावाला खड्डे नव्यानं बांधायचेत. त्यांचं पत्र आलंय. इंजिनियर नको म्हणतात, त्यांच्याकडे ढीगभर आहेत. स्वतःच्या हातानं दगड रचलेला माणूस हवाय, चार दिवसांसाठी.

वडील: मला बोलावतायत? तुंबलेल्या खड्ड्याच्या मुकादमाला?

लेक: तुम्हालाच. चौथ्या खड्ड्याचे मुकादम, असंच लिहिलंय.

आई: जा की! इथं बसून नळाच्या धडधाकट तोट्या सोडता नि आवळता. तेवढीच माझ्या नळांना सुटी.

वडील: जाईन. पण पहिल्यांदा त्यांना एक खरं सांगेन.

लेक: काय?

वडील: नकाशा हातात आला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, एवढी माती आत जाणार, हिला अडवायचं कुठं? पण साहेबाला कोण विचारणार, म्हणून गप्प बसलो.

लेक: बाबा...

वडील: तू नाही बसलीस.