जोडीचा अर्ज

(विस्कॉन्सिन. जून महिन्यातली सकाळ. ऑरिन हाउगेन आपल्या शेडमध्ये गवत कापायचं यंत्र उलटं करून बसले आहेत. मुलगी मारिट फोन घेऊन दारात उभी आहे.)

मारिट : नाही लागला.

ऑरिन : काय नाही लागला?

मारिट : बाबा, वेड पांघरू नका. टॅग! एल्क-हरणाच्या शिकारीचा. सोडतीचा निकाल येऊन महिना होत आला आणि तुम्ही बघितलासुद्धा नाही?

ऑरिन : गवत कापायचं होतं.

मारिट : महिनाभर?

ऑरिन : बरंच गवत होतं.

मारिट : दोघांच्याही नावापुढे तेच. सोडतीत यश नाही. आणि खाली एक गोड वाक्य, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणे. सोळा वर्षं शिकारीच्या परवान्यासाठी थांबलेल्या माणसाला सांगतात, पुढच्या वर्षी या! काही लाज?

ऑरिन : तो पाना दे. नाही, तो नको, मोठा दे.

मारिट : तुम्हाला राग येत नाही?

ऑरिन : येतो ना.

मारिट : मग दिसू दे की जरा!

ऑरिन : रागाने हे पातं निघत असतं तर कधीच निघालं असतं.

मारिट : मला तर वायोमिंगला जाऊन एकेकाला धरून विचारावंसं वाटतंय. जंगल सगळ्या देशाचं. ते सांभाळायला आपणही कर भरतो. तिथे तंबू ठोका, चाला, फोटो काढा, कोणी हटकत नाही. पण एल्कचं नाव काढलं की ते लगेच वायोमिंगचं! आपण बाहेरचे. बाहेरच्यांचा वाटा दर वर्षी थोडा थोडा कुरतडायचा, आणि पैसे मात्र बाहेरच्यांकडूनच घसघशीत घ्यायचे. वर ज्यांचा खिसा गरम त्यांची रांगच वेगळी.

ऑरिन : एल्क तिथे जन्मतं. तिथलाच हिवाळा काढतं. थोडं त्यांचंही आहे गं.

मारिट : तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

ऑरिन : एल्कच्या.

मारिट : विनोद नको, बाबा. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. गुडघा एक बदललाय, दुसरा कुरकुरतोय. अजून किती ‘पुढची वर्षं’ आहेत तुमच्याकडे?

ऑरिन : चढाची दोन. फार तर तीन. उताराची जास्त असतील.

मारिट : थांबा जरा. इथे तक्ता दिलाय. किती पॉइंटवाल्यांना टॅग लागला त्याचा. आपल्या वायोमिंगच्या खोऱ्याला गेल्या वर्षी नऊ लागले होते. या वर्षी... तेरा. वाटा कापला म्हणून आकडा चारने चढला. बाबा, तेरा! तुमचे सोळा आहेत.

ऑरिन : असं होय.

मारिट : असं होय काय? टॅग न लागलेल्या दर वर्षाचा एक, असे सोळा जमवलेत तुम्ही. तुम्हाला डावलून तेरावाल्याला टॅग दिला त्यांनी! चूक केलीय. आत्ता फोन लावते त्यांच्या ऑफिसात.

ऑरिन : नको लावू.

मारिट : का नको? तुम्ही असे मूग गिळून बसता म्हणूनच...

ऑरिन : चूक त्यांची नाही.

मारिट : मग कोणाची? ... थांबा. ‘जोडीने केलेल्या अर्जात दोघांच्या पॉइंटची सरासरी धरली जाईल.’ सरासरी? म्हणजे माझे दोन. तुमचे सोळा. अठरा... नऊ. बाबा, नऊच होतात!

ऑरिन : माझंही उत्तर तेवढंच आलं होतं.

मारिट : कधी आलं होतं?

ऑरिन : जानेवारीत. अर्जाच्या आदल्या दिवशी.

मारिट : तुम्हाला माहीत होतं? मी तिथे स्वयंपाकघरात बसून तुमचा अर्ज भरत होते, तुम्ही मागे उभे राहून केक खात होतात, आणि म्हणालात, ‘दुसरं नाव तुझं घाल.’ मी घातलं! मला वाटलं नुसती सोबत असते तशी. एकट्याने अर्ज केला असता तर आज टॅग तुमच्या हातात असता. मी तुमच्या तोंडचा घास काढून घेतला आणि तुम्ही मला तो काढू दिलात!

ऑरिन : तू नाही काढलास. मी ठेवला खाली.

मारिट : पण का?

ऑरिन : मला वाटलं, नऊवर लागेल कदाचित. चार-दोन वर्षांपूर्वी आठवर लागायचा. वाटा इतका कापतील असं नव्हतं वाटलं.

मारिट : ते मी नाही विचारलं. एकट्याने का नाही केला?

ऑरिन : एकट्याने काय करू तिथे? एनार असता तर गोष्ट वेगळी. तुझ्या काकाला आणि मला एकमेकांशी बोलावं लागायचं नाही. तो चहा टाकायचा, मी घोड्यांना बघायचो. तो गेल्यावर पाच वर्षं मी नुसते पॉइंट जमवत होतो. सवय म्हणून. जायचं मनातून निघूनच गेलं होतं.

मारिट : मग परत कधी आलं?

ऑरिन : तू त्याच्या झाडावरच्या मचाणात बसलीस तेव्हा. तीन नोव्हेंबर झाले त्याला. चार तास हलली नाहीस. आणि हरणी समोर आली, तर खाली येऊन म्हणालीस, ‘तिच्याबरोबर पिल्लू होतं, सोडलं.’ मला एनारच बोलल्यासारखं वाटलं.

मारिट : हे तेव्हा नाही सांगितलंत.

ऑरिन : तेव्हा गारठलो होतो.

मारिट : बाबा!

ऑरिन : आणि दुसरंही एक आहे. तुझे बूट.

मारिट : कुठले बूट?

ऑरिन : तुला माहितीये कुठले.

मारिट : ... मी बारा वर्षांची होते. तुम्ही कधीतरी त्यावर बोलाल असं वाटलं नव्हतं.

ऑरिन : वायोमिंगला निघायच्या आदल्या संध्याकाळी तू ते गाडीत ठेवलेस. तंबूच्या पिशवीमागे, लपवून. आत मोजेसुद्धा घडी करून घातले होतेस. सकाळी मला दिसले. मी ते काढले, पायरीवर ठेवले आणि तुझ्या भावाला, नेल्सला, घेऊन गेलो.

मारिट : नेल्सला तर यायचंच नव्हतं. सगळा रस्ता तो ओकत होता म्हणे.

ऑरिन : येतानाही. आता फ्लोरिडात बोटी विकतो आणि थंडीचं नाव काढलं तरी शिंकतो. पण तो मुलगा होता, आणि मी गाढव होतो. तुला म्हणालो, पुढच्या वेळी. तुझी पुढची वेळ कधी आलीच नाही. एनार हसला नाही त्या दिवशी माझ्याशी. चुकलं माझं, मारिट. एवढीच गोष्ट आहे. तीस वर्षं टोचतंय. म्हणून तुझं नाव घालायला सांगितलं. टॅग लागला तर दोघांना, नाही तर कोणालाच नको.

मारिट : मी पायरीवर बसून ते बूट घातले होते. दिवसभर घालून हिंडले. रात्री मी झोपल्यावर आईने काढले.

ऑरिन : तिने सांगितलं होतं मला.

मारिट : मला रडायला आलं तर तुमच्यावर पाना फेकीन.

ऑरिन : लहान फेक. मोठा लागतोय मला.

मारिट : फोन वाजतोय तुमचा. बाकावर, त्या तेलकट फडक्याखाली.

ऑरिन : बघ कोण आहे.

मारिट : वेल्डा. वायोमिंगवाली ना? जिच्या रँचवरून तुम्ही आणि काका वर चढायचात?

ऑरिन : तीच. दे इकडे.

मारिट : नाही. स्पीकरवर टाकते. आज मला बोलायचंय वायोमिंगशी. ... हॅलो, वेल्डाकाकू!

वेल्डा : कोण, मारिट? अगं, आवाज किती मोठा तुझा! म्हातारा जिवंत आहे ना?

ऑरिन : अर्धा.

वेल्डा : पुष्कळ झाला. काय रे, लागला का तुमचा टॅग? निकाल येऊन इतके दिवस झाले, एक शब्द नाही.

मारिट : नाही लागला. तुमच्या लोकांनी बाहेरच्यांचा वाटा कापला, मग लागेल कसा? हिवाळ्यात म्हणे तुमच्याकडे मोठी सभा झाली. सगळा गाव हात वर करून उभा होता. असलं कोण करतं, काकू? जी माणसं वर्षानुवर्षं तुमच्या दारात येतात, तुमच्या कुंपणाचे खांब रोवून देतात, त्यांना असं हाकलून द्यायचं?

वेल्डा : त्यात एक हात माझा होता.

मारिट : ... काय?

वेल्डा : डावा. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑरिन, ऐकतोयस ना?

ऑरिन : ऐकतोय.

वेल्डा : मग शिव्या घाल की बाबा. गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की मला जास्त लागतं.

ऑरिन : का केलंस, ते सांग.

वेल्डा : टकरसाठी. माझा नातू. या डोंगराखाली जन्मला, घोड्यावर बसला तो चालायच्या आधी. चार वर्षं अर्ज करतोय त्याच खोऱ्यासाठी, चारही वर्षं कोरडा. आणि ऑक्टोबरात बघावं तर पायथ्याशी परक्या नंबरपाट्यांच्या गाड्यांची रांग. माझं डोकंच फिरलं. उठले आणि केला हात वर. तुझं तोंड नाही आलं डोळ्यांसमोर, खोटं कशाला बोलू? आणि पुढे ऐक. मार्चमध्ये टकरला नोकरी लागली. पवनचक्क्यांवर चढायचं काम. कुठे?

मारिट : कुठे?

वेल्डा : आयोवात! झाला ना बाहेरचा. परवा फोन करून विचारतो, ‘आजी, आता मी कुठल्या रांगेत?’ मी म्हटलं, तुझ्या आजीने कापली त्या रांगेत.

मारिट : काकू... हसू की नको?

वेल्डा : हस गं. मी दोन दिवस रडून घेतलंय. पुढच्या सभेत उठून सांगणार आहे मी. वाटा कमी करू नका असं नाही म्हणणार. आमच्याही पोरांना मिळायला हवं, ते खरंच आहे. पण जो इथे वाढला आणि पोटासाठी गेला, जो वीस वर्षं येत राहिला, त्याला नुसता ‘बाहेरचा’ म्हणून मोडीत काढू नका. ऐकतील न ऐकतील. सभेत तीन बायका आहेत माझ्या बाजूच्या. एक तर भांडकुदळ आहे, उपयोगाची.

ऑरिन : तू दुसरी.

वेल्डा : आला बघ आवाज! आता ज्यासाठी फोन केला ते ऐका. आमच्या लोकांचा निकाल आज सकाळी लागला. मला मिळाला.

ऑरिन : खोऱ्याचा?

वेल्डा : त्याच खोऱ्याचा. सहा वर्षांनी. आणि माझा खांदा असा, की बंदूक धरेन, पण खेचरावर ओझं चढवणार नाही. टकर आयोवात. माझा नवरा हार्लन जाऊन आठ वर्षं झाली. दोन खेचरं आहेत, तंबू आहे, आणि माणूस नाही. म्हणजे मला माणसं हवीत. दोन असली तर बरं.

मारिट : पण आमच्याकडे टॅग...

वेल्डा : टॅग गोळी झाडणाऱ्याला लागतो, पोरी. चालणाऱ्याला, लाकडं फोडणाऱ्याला आणि मांस पाठीवर वाहणाऱ्याला कोण विचारतंय? मी विचारून घेतलंय नीट. बंदुका मात्र घरी ठेवायच्या. आणि तुझ्या बापाला घोड्यावर बसवू, चढाला.

ऑरिन : मी चालेन.

वेल्डा : तू घोड्यावर बसशील. ऑक्टोबरची पहिली तारीख. दोन दिवस आधी या. पाऊस असेल, नाही तर बर्फ. एनारची ती काळी किटली अजून माझ्याकडे आहे, ती घेऊन जाऊ वर. नर ओरडायला लागले की तुझी पोर बघ कशी उभी राहते ते. तेवढ्यासाठीच यायचं, मारायचं काम माझं. काय?

ऑरिन : वेल्डा.

वेल्डा : काय?

ऑरिन : मला तुझा राग आला होता. आत्ता, मघाशी.

वेल्डा : असू दे थोडा. चढावर कामाला येईल. ठेवते, वासरू बाहेर पडलंय. मारिट, लोकरीचे मोजे आण!

मारिट : ठेवला त्यांनी.

ऑरिन : ती तशीच ठेवते.

मारिट : बाबा, जानेवारीत मात्र तुम्ही एकट्याने अर्ज करायचा. तुमचे सतरा होतील. मी शपथ घालते.

ऑरिन : सतरा आणि तीन. वीस. दहा येतात.

मारिट : बाबा, ऐका ना.

ऑरिन : कोटा काय, कमी होतो तसा कधी वाढतोही. तीन बायका आहेत सभेत.

मारिट : तुम्ही ऐकणार नाही.

ऑरिन : नाही. पण ऑक्टोबर तर आहे हातात. एल्क ओरडतं ना, मारिट, तेव्हा आधी खूप वर कुठेतरी शिट्टी वाजल्यासारखी वाटते. मग तीच शिट्टी फाटते. एनारला दर वर्षी रडू यायचं, नाक शिंकरायचं नाटक करायचा. मला एवढंच तुला ऐकवायचं होतं. सोळा पॉइंट नुसते कागदावर पडून होते.

मारिट : नवे बूट घ्यावे लागतील मला. आत्ताच घेते, तोवर पायात मुरतील.

ऑरिन : आणलेस की गाडीत ठेव.

मारिट : अहो, चार महिने आहेत अजून.

ऑरिन : असू देत. तू ठेव. मी काढणार नाही.