बेटावरचा निरोप

स्वस्त विमान कंपन्या बेट कसं निवडतात, हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्यांचा सल्लागार मीच होतो! केंब्रिजमध्ये बसून, दहादा गणित तपासून मी स्कॉटलंडचं एक चिमुकलं बेट सुचवलं. अट एकच होती: उतरलेलं विमान अर्ध्या तासात परत उडायला हवं, नाहीतर बेटाला विमानसेवा नाही.

चाचणी उड्डाणाच्या दिवशी बेटावरून परतताना सगळे वेळेत विमानात बसले. फक्त माझी बायको सुमती शिडीवर उभी राहून तिथल्या बायकांचा चौथ्यांदा निरोप घेत होती. मी दारातून तिला घड्याळ दाखवलं.

"अगं, चल!"

"अहो, असं तोंड फिरवून निघतात का?"

तास गेला. विमान कंपनीच्या साहेबांनी यादीतल्या बेटावर फुली मारली. "इथली माणसं फार बोलतात."

सुमती पट्टा बांधत मला म्हणाली, "खरंय हो त्यांचं. सोडतच नव्हत्या!"