रुग्णपदावरून निवृत्त होताना

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष व आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या प्रमुख माननीय उषाबाई. व्यासपीठावरील सत्कारमूर्ती, लाखनीच्या डॉक्टर प्रतिक्षाताई. त्यांच्या शेजारी विराजमान झालेले डॉक्टर कमलेश साहेब. संस्थेचे सर्व सभासद, माता-भगिनी, आणि मागच्या दाराशी उभे राहून आत यावे की न यावे, असा विचार करीत असलेले माझे नातू चिरंजीव अश्विन. आपणा सर्वांना टिकाराम दिघोरे याचा सविनय नमस्कार.

माझे शिक्षण चौथी उत्तीर्ण. उत्तीर्ण हा शब्द मुद्दाम उच्चारतो, कारण त्या काळी चौथीत नापासही करीत असत.

सभागृहात सकाळपासून कुजबुज आहे, की डॉक्टरीणबाई गाव सोडून चालल्या. तसे काही नाही. त्यांचा दवाखाना लाखनीच्या बसस्थानकाजवळ आहे आणि तेथेच राहील. आपण सर्वांनी खुशाल जावे. तो दवाखाना बंद झाला आहे तो केवळ दिघोरे कुटुंबापुरता. निरोप आहे तो एका डॉक्टरला एका रुग्णाचा. असा समारंभ पूर्वी कोठे झाला आहे काय? मला ठाऊक नाही. परंतु ज्या रीतीने या बाईंनी मला सोडले, त्या रीतीचा सत्कार व्हावा, असा ठराव मी संस्थेत मांडला आणि तो एकमताने संमत झाला. एकमताने, म्हणजे माझ्या पत्नीचेही मत धरून. हे क्वचित घडते.

माझी साखर आणि माझा रक्तदाब या दोहोंना बाईंनी अनेक वर्षे ताब्यात ठेवले. दर महिन्यास तपासणी असे, आणि अश्विन मला मोटारसायकलवर बसवून नेत असे. पुढे पुढे तो पंधरा दिवसांतच म्हणू लागला, "आबाजी, चेहरा उतरल्यासारखा वाटते तुमचा, दाखवून येऊ." मला वाटे, केवढा आज्ञाधारक नातू. माझा चेहरा उतरलेला नव्हता, हे मला आरशात दिसत होते. परंतु मी आरशापेक्षा नातवावर विश्वास ठेवला.

गेल्या हिवाळ्यात बाईंनी मला खुर्चीवर बसविले, अश्विनलाही बोलाविले आणि म्हणाल्या, "आबाजी, तुमच्यासाठी दुसरा डॉक्टर पाहू या."

सभासदहो, मला आजवर कोणी कोठून काढले नाही. मी ताठ बसून विचारले, "माझ्या वर्तनात काही उणे आढळले काय?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "अश्विननं मला लग्नाचं विचारलं. मी अजून उत्तर दिलं नाही. तुमची डॉक्टर असताना या घराला हो किंवा नाही कसं म्हणू? आणि घरच्या माणसाला तपासताना माझा हात कचरेल. तुम्हाला रागवायचं तिथे मी गप्प बसेन. ते तुमच्यासाठी बरं नाही."

मी अश्विनकडे पाहिले. तो भिंतीवरील हृदयाचे चित्र फार बारकाईने पाहत होता.

मी विचारले, "कायद्याने आपण मला असे काढू शकता काय?"

"काढत नाही. आजारी माणसाला मध्येच वाऱ्यावर सोडायचं नाही, हे कायदाही सांगतो आणि मलाही समजतं. तुमच्या मनासारखा डॉक्टर मिळेपर्यंत मी आहेच. आणि त्यानंतरही अचानक छातीत दुखलं तर आधी धावत येईन, नातं मग पाहू."

मी बाणेदारपणे सांगितले, "मग मला दुसरा डॉक्टर मिळणारच नाही."

येथे पेच पडला. मी दुसरीकडे जाईना, म्हणून बाई मला सोडीनात. आणि मला सोडल्याशिवाय त्या अश्विनला उत्तर देईनात. थंडी सरली, उन्हाळी धानाची रोवणी आटोपली, तरी उत्तर नाही. अश्विनचे जेवण कमी झाले. माझ्या वागण्यास मी हट्ट म्हणत नाही. मी विचारास वेळ घेत होतो. परंतु आमच्या सौभाग्यवती रेवताबाईंनी त्यास वेगळे नाव दिले. ताटात भाजी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "नातवाचं लगन तुमच्या शुगरीत अडकून राह्यलं, न् तुम्ही मानपान करून राह्यले."

मी म्हटले, "माझी डॉक्टर मला सोडते आहे, हा अपमान नव्हे काय?"

"अन् तुम्ही बोडी सोडली तवा का केलं व्हतं? नव्या माणसाले डोंग्यात बसवलं, पाण्यातले खुंट दाखवले, मंगच उतरले नं? थे पोरगी तेच करतो म्हणते, त तिच्यावर काहून रुसता?"

आपणास हे सांगणे नको, तरी पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या तळ्यांत आणि बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, जुन्या झाडांचे खुंट पाण्याखाली असतात. वरून पाणी शांत दिसते, आणि जाळे फाटते. म्हणून आपल्या वाट्याची बोडी दुसऱ्याकडे जाते तेव्हा जुना माणूस नव्याला डोंग्यात घेतो आणि एकेक खुंट वल्ह्याने टोचून दाखवितो. न दाखविता जो जातो, त्याला आपण पळून गेला असे म्हणतो. ही रीत मी स्वतः पाळली, लोकांकडून पाळून घेतली. मी भाजी मागितली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टर कमलेश साहेबांकडे गेलो. बाई स्वतः सोबत आल्या. आत शिरण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "तुमचं सगळं यांना सांगू ना?" मी उदारपणे म्हणालो, "अवश्य, सर्व सांगावे."

त्यांनी खरोखर सर्व सांगितले. "गोळी घेतली म्हणतील, तेव्हा उशीखाली पाहायला सांगा. पाहुणे आले की पथ्य मोडतात. आणि 'एकच जिलेबी खाल्ली' म्हणाले, की ती तिसरी समजा."

मी हरकत घेतली, "जिलेबीची परवानगी मी दिली नव्हती."

"तो सगळ्यात मोठा खुंट आहे, आबाजी," त्या म्हणाल्या. रेवताबाईंनी त्यांना कधी पढविले होते, ते मला आजतागायत कळलेले नाही. कमलेश साहेब मात्र हसून हसून टेबलावर वाकले. त्यांचे हात थंड आहेत, परंतु ते रुग्णाचे बोलणे पुरते ऐकून घेतात. त्यांच्या दोन तपासण्या झाल्यावर मी बाईंना म्हणालो, "आपण आता मोकळ्या आहात. उत्तर हो असो वा नाही, माझ्या मनातील आपला मान तोच राहील."

त्यांनी उत्तर दिले. गेल्या आठवड्यात बपेऱ्यास, त्यांच्या गावी, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला. चिरंजीव, आता आपण आत येऊन बसण्यास हरकत नाही.

बाई, आपण मला बरे ठेवलेत, आणि सोडतानाही माझा हात दुसऱ्याच्या हातात देऊनच सोडलात. त्याबद्दल मी, रेवताबाई आणि हे सभागृह आपले ऋणी आहोत. अध्यक्षांनी बोलू दिले, श्रोत्यांनी ऐकून घेतले, त्यांचेही आभार. ओघात कोणाचे नाव राहिले असेल, एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर माझे वय पाहून तो पोटात घालावा.

शेवटी एकच निवेदन. शाल-श्रीफळानंतर फराळ आहे. कमलेश साहेबांनी मला आज एक जिलेबी मंजूर केली आहे. एक म्हणजे एकच. ती मला होणाऱ्या नातसुनेने वाढावी. माझ्या डॉक्टरांच्या हातून ती मला जन्मात मिळाली नसती.