जुनं देलं अन् नवं आनलं

हॅलो?… हो, बोल वर्षाली, बाबाच बोलून राहिलो… आत्ताच आलो अकोल्याच्या बजारातून. झेंडू पार सुकून गेला, असं ऊन तापून राहिलं… जेवली काय तू?… बरं. मीच फोन लावनार होतो. तुले एक गंमत सांगाची हाय… आधी तुझं? बरं, सांग.

मनोज? आपल्या गावचा? अमरावतीले येऊन राहिला काय तो?… हो, हो, देतो ना त्याच्यापाशी. काय पाठवू?… तुझं गेमचं मशीन? अवं, तेच त गंमत हाय! जुनं काहून पाठवू? नवंच पाठवतो! त्याच कंपनीचं, पुढचं. प्रो म्हनतेत त्याले. दुकानात जुनं देलं अन् नवं आनलं… हो, सकाळीच… हॅलो? वर्षाली?… आवाज नाई येऊन राहिला तुझा.

ओरडू नको वं, ऐकू येते मले… देऊन टाकलं ना. आता तूच त म्हनत होती! घरी होती तवा रोज तेच… या जुन्यावर गेम अडकते, यानं डोक्शाचा पार भुगा केला, नव्यावर कशी सरसर चालते… मंग म्या म्हटलं, लेकीले नवंच घ्याव.

हो… हो, ऐकून राहिलो… उद्या बंगलोरचे लोक येनार. तू बनवलेली गेम पाहाले. बरं… जुन्यावरच पाहानार? काहून? नवं निघालं ना बजारात!… लोकायच्या घरी जुनंच हाय… हं… नव्यावर कोनाचीबी चालते… म्हंजे असं काय, नव्या पंपानं कोनीबी पानी चढवन, तुले जुन्या पंपावर चढवून दाखवाचं हाय?… अन् चढलं होतं?… परवा?… अरे बाप्पा.

मले काय माहीत, माय? कोनी सांगतलं मले?

हापिसात दुसरं नाई काय?… जळलं? म्हनून हे मागून राहिली… अन् दुसऱ्या कोनाचं?… चालत नाई. मशीनच्या कंपनीत तुझ्या गेमसाठी हेच दोन नोंदवले… अवं, रडू नको. थांब. थांब म्हनतो ना… शकुन! अवं शकुन, तुझ्या फोनवरून त्या दुकानवाल्याले लाव. सकाळचं मशीन हाय काय, विचार… वर्षाली, ठेवू नको हं. तुझी माय लावून राहिली… काय म्हनते वं तो?… विकलं? कोनाले?… कुठचे?

वर्षाली, ऐक. मेळघाटात सेमाडोहचे उत्तमराव म्हनून हायेत. वाघ पाहाले येतेत ना लोक, त्यायच्यासाठी खोल्या हायेत त्यायच्या. पाहुन्यायच्या लेकरायसाठी घेऊन गेले दुपारी… नंबर हाय, लागत नाई. जंगलात कायची रेंज!

मी जातो… आत्ताच. शेजारच्या बंडूची गाडी हाय ना दारात. नवं मशीन संगं नेतो, म्हनतो हे ठेवा, ते द्या. कोन नाई म्हनन?… देतीन वं, देतीन. अन् घेऊन कुठं न थांबता सरका अमरावतीलेच येतो… नाई, तू नको येऊ. तू तुझं काम पाय.

काय करू मंग? घरी बसू?… हो, मेहनत वाया गेली तुझी, समजलं मले. आता समजलं… ऐक ना. एक सांगू? गेमसाठी नाई घेतलं म्या ते नवं. त्या दिवशी तू त्या डब्ब्यापुढं बसून रडत होती. मी दारात होतो, तुले दिसलो नाई. मले वाटलं, माह्या पोरीले रडवते ना हा, घराबाहीरच काढतो याले… म्हनून… दे मले शिव्या.

अंधार पडन त पडू दे. जंगलाचा नाका बंद व्हायच्या आत निंघतो पार… घाट? ठाव हाय मले घाट… नाई, गेलो नाई कधी. तुझ्या गेममधीच पाहिला. मांगं बसून पाहे ना मी रोज. आधी तो पूल, मंग सागाचं बन, मंग ते वळन, जिथं तुझा वाघ अडकून राहे… काय?… आता नाई अडकत?… सरका जाते?

मंग ते वळन मी वळखू कसं, माय?… हॅलो?… हासली काय वं तू? का रडून राहिली?… बरं. ठेवतो. बंडूनं गाडी काढली.