बाकाचा खण

अम्मानमधल्या आमच्या भट्टीवर रोट्यांच्या रांगेत दोघी आया माझ्यापुढे होत्या. एक इथली, दुसरी सीरियातून आलेली. इथली तणतणत होती.

“माझी लुजैन शाळेत सकाळच्या पाळीत, तुमची सीरियातली मुलं दुपारच्या. तिची रोटी बाकाच्या खणात राहिली, की त्यांतली कुणी पोर गट्ट करते. उद्या मोठ्या बाईंना सांगून कुलूपच लावून घेते.”

“कुठलं बाक, ताई?”

“खिडकीजवळचं, शेवटचं.”

“मग चोर माझ्याच घरची. दुपारी तिथे रहफ बसते. पण ती म्हणते, अर्धी रोटी तिच्यासाठी कागदात गुंडाळून ठेवलेली असते.”

“गुंडाळून? आमची लुजैन स्वतःचं अंथरूणसुद्धा गुंडाळत नाही.”

“आधी शाळा म्हटलं की रहफच्या पोटात दुखायचं. आता पळत जाते. कुलूप नका लावू हो.”

“थांबा. मग लुजैन शाळेतून तिळाची बिस्किटं आणते, ती कुठली?”

“ती मी भाजते. मला वाटायचं, रहफच खाते.”

“निम्मी तर मीच खाते. पोरी भेटल्यात कधी?”

“कशा भेटणार? एक घरी गेल्यावर दुसरी येते.”

“उद्या तुम्हीही चला. दोघींना एकाच पाळीत बसवा म्हणू.”

“बाईंनी नाही ऐकलं तर?”

“मग खण मोठा करून मागू.”