सत्तावीस नंबरची उंची

देवराव : चपला दारात आहेत, मैनाबाई. आणि तुम्ही म्हणता, माणूस ड्यूटीवर गेला.

मैनाबाई : ड्यूटीत बूट घालून जातेत ते, बाबूजी.

देवराव : बूट खाटेखाली आहेत. अन् बुटांच्या बाजूले दोन पाय आहेत! निघ रे देवाजी बाहेर. चौथी खेप आहे माझी.

देवाजी : (खाटेखालून) तब्येत बरी नाही, बाबूजी.

देवराव : खाटेखाली सुधरते का तब्येत? निघ म्हणतो ना! तीन साल झाले, मुदतीच्या तापाची सुई टोचली तुम्हा चाळीस जणांले. चाळीसही धट्टेकट्टे, सगळ्यांनी राजीखुशीनं अंगठा दिलेला. दरसाल सुईभर रक्त द्यायचं, म्हणजे लसीचा जोर किती साल टिकते ते डॉक्टरसाहेबाले समजते. एवढंसं काम! अन् मी कारखान्याच्या दवाखान्याचा कारकून, सायकल मारून मारून माझेच पाय गेले.

मैनाबाई : बसा ना बाबूजी. चहा मांडतो.

देवराव : नको चहा. नऊ नंबर जामुलले सिमेंटच्या कारखान्यात कामाले गेला. तेहतीसच्या बायकोनं माझ्यावर झाडू उगारला. एकोणीस नंबर, तो तेजराम, म्हणते, रक्त देतो पण मागल्या सालचं आधी वापस करा! चाळीसातले अकरा उरले. त्यातला हा एक, अन् हा खाटेखाली. मांडा, चहा मांडा. साखर कमी.

देवाजी : निघालो, बाबूजी. पण दोन साल देल्लं ना मी. आता दुसऱ्या कोणाचं घ्या.

देवराव : दुसऱ्याचं घेऊन काय करू, भजे तळू? ज्याले सुई लागली त्याचंच लागते.

देवाजी : हो. ते बी हाय.

देवराव : काल डॉक्टरसाहेबानं रजिस्टर आपटलं माझ्यापुढे. सुईनंतर महिन्याभरानं तपासलं, तेव्हा चाळीसात सगळ्यात जोरदार रक्त सत्तावीस नंबरचं. म्हणजे देवाजी, तुझं. सालभरानं पाहिलं तर कोरं. जशी सुई कधी लागलीच नाही. पुढच्या साली पुन्हा कोरं. आता साहेब म्हणते, एवढ्या दमदार माणसात सालभर टिकत नाही तर लस कुचकामी. तसा रिपोर्ट लिहायले बसले आहेत ते. नव्या भरतीचे दोन हजार लोक झोपड्यांत येऊन पडले, त्यांच्यासाठी आणलेली लस तशीच पडून राहील. तिकडे ताप सुरू झाला आहे, समजते का?

मैनाबाई : यायच्या एकल्यापायी?

देवराव : अकरात एक म्हणजे थोडा होते का, बाई? उद्या सकाळी याले साहेबापुढे उभं करायचं आहे. नवीन अंगठा घेणार, पहिल्याशी जुळवणार.

देवाजी : अंगठा कावून?

देवराव : पाहा! रक्ताले नाही घाबरला, अंगठ्याले घाबरला. आज सकाळी रजिस्टर उघडलं मी. अक्षर माझंच. सुईच्या दिवशी सत्तावीस नंबर उंची पाच फूट सात इंच. सालभरानं पाच फूट पाच. पुढे पुन्हा पाच फूट पाच. मीच मोजली, मीच लिहिली, अन् मले वाटलं, टेप ढिला झाला! एवढा गाढव मी. सांगा मैनाबाई, सुई टोचून माणूस दोन इंच बुटका होते का?

मैनाबाई : भट्टीपाशी काम हाय, बाबूजी. माणूस सुकते.

देवराव : आडवा सुकते, बाई! उभा नाही सुकत!

मैनाबाई : चहा घ्या.

देवराव : अन् तुमची मथुरा. आत्ता नळावर भेटली. मी म्हटलं, बाबा आहे का घरी? म्हणते, काका खाटेखाली हाय.

मैनाबाई : मोठ्या खटल्यात वाढली ते. तिथं समदे पोट्टे काकाच म्हणत. तिले बी सवय...

देवाजी : राहू दे. किती झाकशीन?

देवराव : कोण आहेस तू?

मैनाबाई : हळू बोला, बाबूजी. भिती पातळ हायेत. हे माझे दीर. होते. मथुराचा बाप तुमची सुई घेऊन दोन महिन्यानं दिवाळीले गावी गेला. धान कापता कापता बांधीत साप डसला. बैलगाडी जुंपेपर्यंत सरला. तेरवी झाली अन् सासऱ्यानं कारखान्याचा पास यायच्या हातात ठेवला. म्हणे, पोरगा गेला, नोकरी कावून जाऊ द्या? मंग यायच्यासंगं माझा पाट लावला. आमच्या जातीत लावतेत.

देवराव : अन् गेटवर कोणी पाहिलं नाही? पासवर फोटो असते!

देवाजी : काजळीत समद्यायचं तोंड सारखंच, बाबूजी. फोरमन म्हणे, अबे देवाजी, गावी जाऊन लय खंगला. मी म्हटलं, हो साहेब.

देवराव : अरे पण मग रक्त काहून दिलं? तेव्हाच नाही म्हणायचं होतं ना, माणसा!

देवाजी : देवाजीच्या नावाची चिठ्ठी आली का मी जातो. ड्यूटीची आली, गेलो. क्वार्टरची आली, गेलो. रक्ताची बी आली, गेलो. घर चालवाले घेतलं त्याचं नाव. रक्तावरून वळखतेत म्हून मले काय ठाऊक?

देवराव : हे असं आहे सगळं! खरं लिहिलं, सत्तावीस नंबर मेला, तर उद्या गेटवर देवाजीची नोकरी मेली.

देवाजी : अन् हे क्वार्टर. मथुराले घेऊन कुठं जाऊ, बाबूजी? गावी दोन एकरात सात तोंडं हायेत.

देवराव : अन् नाही लिहिलं तर लस बदनाम, अन् तिकडे झोपड्यांत लोक तापानं मरतील. काय करू मी? सांगा ना! इतका वेळ दोघं तोंड भरून खोटं बोलले, आता एक खरं बोला.

मैनाबाई : आमच्यापायी कोणी मराले नको, बाबूजी. तुमाले लिवाचं ते लिवा. एक माणूस गेला माझ्या घरातून, मले ठाऊक हाय ते.

देवराव : रडू नका. आधीच डोकं फिरलं आहे माझं. थांबा... असं लिहितो. मागच्या दोन्ही साली या नंबरवर दुसऱ्याच माणसाचं रक्त गेलं. ते तर खरंच आहे. पुरावा म्हणून दोन इंच आहेत. रांगेतल्या माणसांचे नंबर कारकुनाच्या हातून बदलले, कारकून मूर्ख आहे. तेही खरंच आहे. दोन्ही रक्तं रद्द.

देवाजी : तुमाले बोलणी बसन ना, बाबूजी.

देवराव : बसतील. पगारवाढ थांबेल, बायको आठ दिवस बोलणार नाही, तेवढीच शांती. अन् उद्या तू येऊ नको. सत्तावीस नंबर म्हणते, यापुढे रक्त देत नाही. राजीखुशीचं काम आहे, नाही म्हणायचा हक आहे. साहेब स्वतःच सांगतात.

मैनाबाई : तुमचे लय उपकार...

देवराव : उपकार गेले खड्ड्यात! या माणसाले सुई लागलीच नाही, हे समजते का तुम्हाले? तीन साल होत आले, उघडा फिरून राहिला तापात!

देवाजी : घरात एकाले लागली होती ना. मले वाटलं, चालते.

देवराव : चालते म्हणे! साहेबानं लस खुली केली का दवाखान्याच्या मागच्या दारी रोजंदारीवाल्यांच्या सुईच्या रांगेत उभा राहा. तिथे पास कोणी पाहत नाही. कार्ड मी इथेच भरतो. नाव सांग.

देवाजी : देवाजी...

देवराव : त्याले लागली आहे सुई! एका माणसाले किती वेळा टोचू? तुझं सांग.

देवाजी : केवलराम.

मैनाबाई : जरा जोरानं सांगा.

देवराव : मले ऐकू आलं, बाई.

मैनाबाई : तुमाले आलं, बाबूजी. मी तीन सालापासून आयकलं नाही.

केवलराम : केवलराम.