श्वास रोखा

एक्स-रेच्या खोलीबाहेर मी नंबरची वाट बघत होतो. दार अर्धवट उघडं होतं. आत नवं मशीन जोडायला आलेला इंजिनिअर आणि एक्स-रे काढणाऱ्या ताई होत्या.

"ताई, जुने एक्स-रे नव्या पडद्यावर उघडतात का, तेवढं बघू. कुठलाही एक काढा."

"हा घे."

"छातीचा आहे. काय स्वच्छ आलाय. पेशंट जरासुद्धा हललेला नाही."

"माझे बाबा आहेत ते. घरात कधी कुणाचं ऐकलं नाही, पण इथे मी 'श्वास रोखा' म्हटलं की पुतळा."

"आता तब्येत कशी आहे?"

"गेले रे ते."

"मग बंद करतो, ताई."

"राहू दे जरा. अजून श्वास धरून उभे आहेत. 'सोडा' म्हणवत नाही."